नियमांचे वाचन आणि वर्चस्वाचे आयुष्य

फॉर्म्युला वन या मोटारशर्यतीच्या खेळात दर काही वर्षांनी नियमावली नव्याने लिहिली जाते, आणि दर वेळी एकच प्रश्न चर्चेला येतो : आज जो संघ सर्वांच्या पुढे आहे, तो या बदलातून तरेल काय? हा प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा, फार तर क्रीडापत्रकारितेचा वाटतो. आम्हांला तो तेवढाच वाटत नाही. नियमावली हा अखेर एक ग्रंथ आहे. शेकडो अभियंते त्याचा पदच्छेद करीत, अन्वय लावीत बसलेले असतात. आणि ज्याचे वाचन अधिक सूक्ष्म त्याची गाडी अधिक वेगवान, असा तिथला व्यवहार आहे. ज्यांचे आयुष्य पाठ आणि पाठभेद यांत गेले त्यांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवावी असे काही नाही.

नवे नियम आले की जुना राजा पडतो, असा एक समज या खेळाच्या चाहत्यांत रूढ आहे. त्याला आधार नाही असे नव्हे. २००४ साली फेरारीने १८ पैकी १५ शर्यती जिंकल्या. २००५ साली टायरांचा नियम बदलला आणि त्याच फेरारीला संपूर्ण हंगामात एक विजय मिळाला. २०१३च्या अखेरच्या नऊच्या नऊ शर्यती रेड बुलच्या सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. २०१४ साली इंजिनांचा नियम बदलला आणि फेटेलला एकही शर्यत जिंकता आली नाही. त्या वर्षी १९ पैकी १६ शर्यती मर्सिडीझने नेल्या. पुढे २०२१पर्यंत मर्सिडीझने संघांचे अजिंक्यपद सलग आठ वेळा मिळवले. २०२२ साली गाडीच्या तळाचे आणि पंखांचे नियम बदलले, आणि त्या हंगामात मर्सिडीझच्या वाट्याला एक ब्राझीलची शर्यत तेवढी आली. अशी तीन उदाहरणे ओळीने मांडली की त्यांचा सिद्धान्त व्हायला वेळ लागत नाही.

पण उलट बाजूची उदाहरणे तितकीच ठळक आहेत. १९८८ साली मॅक्लॅरेनने होंडाच्या टर्बो इंजिनावर १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. पुढच्या वर्षापासून टर्बो इंजिनांवर बंदी आली. म्हणजे ज्या यंत्राच्या बळावर हे साम्राज्य उभे होते ते यंत्रच बेकायदा ठरले. तरी १९८९, १९९० आणि १९९१ ही तिन्ही अजिंक्यपदे मॅक्लॅरेनचीच. होंडाने साडेतीन लिटरच्या नव्या दहा-सिलिंडरी इंजिनाच्या चाचण्या जुन्या इंजिनाने शर्यती जिंकल्या जात असतानाच सुरू केल्या होत्या. २०१७ साली गाड्यांची रुंदी १८०० मिलिमीटरवरून २००० मिलिमीटर झाली, टायर जाड झाले, वळणांवरचा वेग वाढला. मर्सिडीझ जिथे होती तिथेच राहिली.

आणखी एक वर्ग आहे, तो या चर्चेत सहसा कोणी घेत नाही : नियम फारसे न बदलता कोसळलेले संघ. १९७८ साली लोटसने गाडीच्या तळाखालून हवा ओढून गाडी जमिनीला चिकटवण्याची विद्या परिपूर्ण केली आणि अजिंक्यपद नेले. १९७९ साली, तशाच नियमांखाली, लोटसला एकही शर्यत जिंकता आली नाही. इतरांनी ती विद्या शिकून घेतली होती, आणि लोटस स्वतःच्याच कल्पनेच्या अतिरेकात अडकला होता. १९६१ची विजेती फेरारी १९६२ साली एकही अजिंक्यपद-शर्यत जिंकू शकली नाही. नियम तेच होते. मधल्या हिवाळ्यात कार्लो किती यांच्यासह संघाचे प्रमुख अभियंते आणि अधिकारी एन्झो फेरारींशी बिनसून बाहेर पडले होते, एवढाच काय तो फरक.

तेव्हा नियमबदलाला वर्चस्वाचा मारेकरी ठरवणे घाईचे आहे. आमच्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. संघाचे वर्चस्व कशात साठवलेले असते? एखाद्या उत्तरात, की उत्तर शोधण्याच्या रीतीत? माणसांत, की यंत्रात? आणि ते यंत्र स्वतःचे, की दुसऱ्याकडून आणलेले? नियम बदलतो तेव्हा यांपैकी कशाला धक्का लागतो यावर पुढचे सारे अवलंबून असते.

या संदर्भात १९६१ची कथा आम्हांला सर्वांत बोधक वाटते. ती जुनी असल्यामुळे थोडी विस्ताराने सांगतो. इंजिन चालकाच्या मागे बसवणाऱ्या कूपर या छोट्या ब्रिटिश संघाने १९५९ आणि १९६० अशी दोन्ही वर्षे अजिंक्यपद मिळवले होते. इंजिन पुढेच हवे, बैल गाडीला ओढतो, ढकलीत नाही, अशा विचाराचे एन्झो फेरारी मागे पडले होते. मात्र १९६१पासून इंजिनाची मर्यादा अडीच लिटरवरून दीड लिटरवर येणार, हे १९५८ सालीच जाहीर झाले होते. म्हणजे सर्वांच्या हातात दोन वर्षांहून अधिक काळ होता. ब्रिटिश संघांनी तो कसा वापरला? त्यांनी त्या नियमाला विरोध केला, तो मागे घेतला जाईल अशी आशा बाळगली, मोठ्या इंजिनांसाठी समांतर शर्यतींची मालिका काढण्याचा घाट घातला. फेरारीने कुरकुर न करता सहा-सिलिंडरी दीड लिटरचे इंजिन घडवले आणि, आपला हट्ट सोडून, ते गाडीत मागे बसवले. १९६१च्या आठ शर्यतींपैकी पाच फेरारीने जिंकल्या. कूपरला एकही नाही. आणि अजिंक्यपद तर कूपरला पुन्हा कधीच मिळाले नाही. नव्या ब्रिटिश आठ-सिलिंडरी इंजिनांनी बाजी उलटवली ती पुढच्या वर्षी, पण त्यातला मोठा लाभ लोटस आणि बीआरएम यांना झाला.

यात ध्यानात घेण्याजोगे असे की कूपरला नियमाने हरवले नाही. मागच्या इंजिनाची कूपरची कल्पना तर नव्या नियमाखालीही अबाधित होती. सर्वांनी तीच उचलली. कूपरपाशी एक अचूक उत्तर होते, आणि उत्तर सर्वांचे झाले की त्याची मालकी संपते. दुसरे उत्तर शोधण्याची रीत त्या संघापाशी नव्हती. इंजिनही स्वतःचे नव्हते, कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचे होते.

आता वाचनाचा मुद्दा. नियमाचा शब्द आणि नियमाचा हेतू यांतले अंतर हे या खेळाचे खरे रणांगण आहे. १९७८ साली ब्रॅबम संघाच्या गॉर्डन मरी यांनी गाडीच्या मागे एक भलामोठा पंखा बसवला. हवेचा दाब वाढवण्यासाठी हलणारे साधन वापरण्यास मनाई होती. ब्रॅबमचे म्हणणे असे की पंख्याचे मुख्य काम इंजिन थंड करणे हे आहे. तळाखालची हवा ओढली जाऊन गाडी जमिनीला चिकटते हा आनुषंगिक लाभ. स्वीडनच्या शर्यतीत निकी लाउडाने ती गाडी आरामात पहिली आणली, आणि त्यानंतर ती गाडी कधी शर्यतीत उतरली नाही. २००९ साली गाडीच्या मागच्या तळाची, ज्याला डिफ्यूझर म्हणतात त्याची, उंची नियमाने कमी करण्यात आली. हेतू स्पष्ट होता. तीन संघांनी नियमाची भाषा अशी वाचली की दोन पातळ्यांच्या मधल्या सांध्यातून हवेला वरच्या मजल्यावर वाट काढून देता येते. इतरांनी तक्रार केली. एप्रिल २००९मध्ये अपील न्यायालयाने तो अर्थ ग्राह्य धरला. त्या तिघांपैकी ब्रॉन हा संघ काही महिन्यांपूर्वीपर्यंत होंडा म्हणून ओळखला जात होता आणि बंद पडण्याच्या बेतात होता. त्याच्या जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या आणि अजिंक्यपदही नेले.

आमच्याकडच्या मीमांसकांना हा वाद ओळखीचा वाटला असता. विधिवाक्य कोणते, अर्थवाद कोणता, निषेध कशाचा आणि कुठवर, ही चर्चा त्यांनी यज्ञाच्या संदर्भात शतकानुशतके केली. फरक एवढाच की मीमांसकाला वाक्याचा खरा अर्थ हवा असतो. ब्रॉनच्या अभियंत्यांना वाक्यात मावेल असा सर्वांत फायद्याचा अर्थ हवा होता. त्यांना लबाड म्हणावे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. नियम शब्दांत लिहिला आहे तोवर शब्दांचे वाचन हाच प्रामाणिक मार्ग, हेतूचे वाचन ही अधिकाऱ्यांच्या मर्जीची गोष्ट, असे आमचे मत आहे. हेतूवर बोट ठेवून निकाल देऊ लागले की निकाल देणाराच शर्यतीत उतरतो.

मात्र यातून एक गोष्ट निघते. अग्रेसर संघाचे वाचन बहुधा सवयीचे झालेले असते. ज्याला जुन्या नियमांतून सर्व काही मिळाले, तो नवा ग्रंथही जुन्या भाष्याच्या उजेडात वाचतो. हरणाऱ्याला ही अडचण नसते. त्याच्याजवळ वेळही असतो : होंडाने २००८चा हंगाम जवळपास सोडून देऊन पुढच्या गाडीवर काम केले, आणि त्याच वेळी फेरारी आणि मॅक्लॅरेन अखेरच्या शर्यतीतल्या शेवटच्या वळणापर्यंत एका गुणासाठी झगडत होते. २००९मध्ये दोघेही मागे पडले. वेळेच्या या हिशेबाला एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. २०२१ साली रेड बुल आणि मर्सिडीझ अबु धाबीच्या अखेरच्या फेरीपर्यंत झुंजले, दोघांचीही शक्ती सारखीच खर्ची पडली; तरी २०२२ साली एक गडगडला आणि दुसऱ्याने २२ पैकी १७ शर्यती जिंकल्या.

या अपवादाचे उत्तर आम्हांला स्मृतीत दिसते. २०२२च्या नियमांनी तळाखालून हवा ओढण्याची, म्हणजे लोटसच्या काळातली, विद्या पुन्हा खेळात आणली. १९८३पासून सपाट तळाच्या सक्तीने ती हद्दपार झाली होती. रेड बुलचे एड्रियन न्यूई यांनी साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या विद्यार्थिदशेत याच विषयावर प्रकल्प केला होता. जुन्या गाड्या सरळ रस्त्यावर वेगात असताना टपटप उसळत असत, हे त्या पिढीला ठाऊक होते. मर्सिडीझच्या संगणकांना आणि विंड टनेलला ते ठाऊक नव्हते. तिथे अप्रतिम वेगवान दिसलेली, अंग चोरून बारीक केलेली ती गाडी रस्त्यावर आली आणि बेडकासारखी उसळू लागली. चूक होणे यात काही विशेष नाही. विशेष हे की आठ अजिंक्यपदे मिळवून देणाऱ्या साधनांनी जे सांगितले त्यावरचा विश्वास सुटायला मर्सिडीझला एक पूर्ण वर्ष अपुरे पडले. मूळ कल्पना तशीच ठेवून २०२३ची गाडी काढली, आणि तिचे रूप मोनॅकोच्या शर्यतीत बदलले. २०२३मध्ये मर्सिडीझला एकही विजय नाही. यश हे असे भाष्य आहे की ते मूळ ग्रंथापेक्षा वजनदार होऊन बसते.

२००५च्या फेरारीची गत निराळी. तिथे वाचनाचा प्रश्नच नव्हता. सराव-निवडीपासून शर्यत संपेपर्यंत एकच टायरसंच वापरायचा, असा नियम आला. फेरारीचे टायर ब्रिजस्टोनचे. बहुतेक प्रतिस्पर्ध्यांचे मिशलँचे. फेरारीच्या वर्चस्वाचा एक खांब असा दुसऱ्याच्या कारखान्यात होता आणि नेमका तोच हलला. फेरारीला मिळालेला एकमेव विजय इंडियानापोलिसचा. तिथे मिशलँचे टायर धोकादायक ठरल्याने त्या टायरांच्या सर्व गाड्या पहिल्या फेरीआधीच मागे फिरल्या आणि अवघ्या सहा गाड्या धावल्या. (आपल्याकडे ती शर्यत दुसऱ्याच कारणाने लक्षात राहिली : नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला.) २००६ साली शर्यतीत टायर बदलण्यास पुन्हा मुभा मिळाली आणि शुमाखरने सात शर्यती जिंकल्या. माणसे तीच, कारखाना तोच. अशा संघाबद्दल तो तरला म्हणावे की बुडाला? २०१४च्या रेड बुलबद्दलही हेच : गाडीचा सांगाडा उत्तम, इंजिन रेनोचे आणि दुबळे. मर्सिडीझने मात्र टर्बोचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या एका टोकाला आणि टर्बाइन दुसऱ्या टोकाला ठेवून स्वतःचे इंजिन आणि स्वतःची गाडी एकमेकांसाठी घडवली होती.

इथवरचे विवेचन विजय आणि पराजय यांचे झाले. पण नियमबदलाला आणखी एक बाजू आहे आणि ती १९९४ची आहे. विल्यम्स संघाने १९९२ आणि १९९३ साली इलेक्ट्रॉनिक साधनांच्या बळावर, विशेषतः संगणकाने क्षणोक्षणी सावरलेल्या सस्पेन्शनच्या बळावर, इतरांना निष्प्रभ केले होते. १९९४ साली ही साधने बंद झाली. हेतू सांगितला गेला तो चालकाचे कौशल्य परत आणण्याचा. खर्च आटोक्यात आणणे आणि विल्यम्सला लगाम घालणे हेही त्यात होते. सस्पेन्शन काढून घेतल्यावर नव्या गाडीची उंची स्थिर राहीना, आणि उंची स्थिर नसली की हवेचा दाब क्षणाक्षणाला बदलतो. ती गाडी त्या अवस्थेत अस्थिर होती हे न्यूई यांनीच पुढे लिहिले आहे. तेव्हा ते विल्यम्समध्ये होते. ३० एप्रिलला इमोलाला रोलंड रॅट्झेनबर्गर दुसऱ्या एका संघाच्या गाडीत मरण पावला. १ मेला विल्यम्सच्या गाडीत आयर्टन सेना. सेनाच्या अपघाताच्या कारणांवर इटलीतल्या न्यायालयांत वर्षानुवर्षे खटला चालला. तो अपघात नियमबदलाने घडवला असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल, आणि आम्ही तसे म्हणत नाही. परंतु गाडीला ज्या साधनाच्या आधाराने तोल सापडला होता ते साधन एका हिवाळ्यात काढून घ्यायचे आणि वेग मात्र फारसा घटवायचा नाही, हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी खेळाच्या रंगतीचा विचार आधी केला आणि चालकाच्या देहाचा नंतर. विल्यम्स त्या वर्षी संघांचे अजिंक्यपद जिंकला, हेही खरे आहे. नोंदवहीच्या भाषेत तो संघ नियमबदलातून तरला.

इमोलानंतर घाईघाईने जे नियम आले त्यांपैकी एक अजून टिकून आहे : गाडीच्या तळाला एक फळी लावायची, आणि शर्यतीअखेर ती ठरल्यापेक्षा अधिक झिजलेली नसावी. गाडी जमिनीलगत फार खाली आणता येऊ नये म्हणून ही योजना. नोव्हेंबर २०२५मध्ये लास वेगासला अजिंक्यपदाच्या शर्यतीत पुढे असलेल्या मॅक्लॅरेनच्या दोन्ही गाड्या याच फळीच्या झिजेपायी बाद झाल्या. झीज ९ मिलिमीटरच्या मर्यादेपलीकडे गेली होती, अगदी किंचित. आम्हांला हा नियम आवडतो. त्याचे कारण लपलेले नाही आणि त्याला कोणाचे नाव माहीत नाही.

उलट अलीकडच्या काही नियमांना नावे माहीत असतात. २०२१पासून खर्चावर मर्यादा आली, तिचे आम्ही स्वागतच करतो. पण त्याच सुमारास विंड टनेलच्या वापराची अशी वाटणी ठरली की विजेत्या संघाला ठरावीक प्रमाणाच्या ७० टक्के वेळ मिळावा आणि खालच्या प्रत्येकाला क्रमाक्रमाने अधिक. दहाव्याला ११५ टक्के. साहित्य अकादमीने पुरस्कारप्राप्त लेखकाला पुढच्या पुस्तकासाठी सत्तर टक्केच कागद देण्याचे ठरवले तर आपल्या साहित्यविश्वात काय प्रतिक्रिया उमटेल? (काही समीक्षक समाधानी होतील, ते सोडून द्या.) या व्यवस्थेत वर्चस्व हा गुन्हा नाही, पण त्यावर कर आहे. खेळ चुरशीचा व्हावा ही प्रेक्षकाची इच्छा रास्त असली तरी उत्तम कामाला दर वर्षी दंड लावून ती पुरी करावी हे आम्हांला पटत नाही. आणि गंमत अशी की २०२३ साली रेड बुलने हा कर भरूनच, वर २०२१च्या खर्चमर्यादेच्या उल्लंघनाबद्दल विंड टनेलच्या वेळेत आणखी कपात सोसून, २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या.

२०२६साठी लिहिलेली नियमावली गाडी आणि इंजिन दोन्ही एकदम बदलते. २०१४ साली मुख्य घाला इंजिनावर होता, २०२२ साली सांगाड्यावर. विजेची मोटर ३५० किलोवॉटची, म्हणजे एकूण शक्तीचा जवळपास अर्धा भाग विजेचा. पुढचे-मागचे पंख धावताना हलणारे. गाडीचे किमान वजन ७६८ किलो, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे ३० किलो कमी. इंधन खनिज तेलाचे नव्हे. हे नियम लिहिले गेले तेव्हा वर्चस्व रेड बुलचे होते. ते लागू होण्याआधी २०२४ आणि २०२५ची संघ-अजिंक्यपदे मॅक्लॅरेनने नेली, आणि २०२५मध्ये लँडो नॉरिस दोन गुणांनी विश्वविजेता झाला. ज्याला पाडण्यासाठी सापळा लावावा तो आधीच खाली उतरलेला, असे या खेळात वारंवार होते.

मॅक्लॅरेनविषयी आमचा अंदाज विचारणाऱ्यांना आम्ही १९८९चा नव्हे, २०१४चा दाखला देऊ. मॅक्लॅरेनने २०२३च्या मध्यापासून जे केले ते उत्तर नव्हते, रीत होती. प्रत्येक सुधारणा रस्त्यावर तशीच उतरत गेली, आणि मर्सिडीझला २०२२मध्ये नेमके तेच जमले नव्हते. त्या अर्थी हा संघ तगण्याच्या लायकीचा आहे. पण त्याचे इंजिन मर्सिडीझचे आहे, तेच इंजिन मर्सिडीझ स्वतः वापरते आणि विल्यम्स व अल्पीन यांनाही देते. इंजिन आणि गाडी एका छपराखाली, एकमेकांसाठी घडवण्याचा लाभ नव्या नियमांच्या पहिल्या वर्षी सर्वाधिक असतो, आणि तो लाभ मॅक्लॅरेनला नाही.

वाचनाची भांडणे तर हंगामापूर्वीच सुरू झाली. नव्या नियमात इंजिनाचे संपीडन गुणोत्तर १८वरून १६वर आणले होते, आणि ते मोजायचे कसे हेही तेव्हा लिहिले होते : भोवतालच्या तापमानाला, म्हणजे थंड इंजिनावर. धावत्या गाडीतले तापलेले धातू प्रसरण पावल्यावर ते गुणोत्तर किती असावे, यावर काहींचे म्हणणे असे की ते १६च असले पाहिजे, आणि काहींचे असे की मोजण्याची रीत दिली आहे तीच मर्यादा.